आजी म्हणायची, ‘ते आले होते’

एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. नाव-गाव देऊ नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा इथे देते.

सातारा जिल्ह्यातलं एक गाव. ताईंचे आजोबा मराठा पलटणीत शिपाई होते. घरात सांगतात ती हकीकत अशी: १९४४ साली इटलीत एका टेकडीवर ते शत्रूच्या मशिनगनवर चालून गेले, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्यानं लढले आणि तिथेच पडले. ताईंचे वडील तेव्हा तान्हे होते, आज ते ८१ वर्षांचे आहेत. दर १५ ऑगस्टला गावच्या शाळेत त्यांना मानानं बोलावतात आणि ते ही हकीकत मुलांना सांगतात. आता ग्रामपंचायत वेशीजवळ गावच्या सैनिकांच्या नावांचा दगड बसवते आहे. आजोबांच्या नावापुढे ‘इटलीच्या रणांगणावर धारातीर्थी’ असं कोरायचं ठरलं. तारीख हवी होती, म्हणून ताईंनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव शोधलं. त्याच नावाची, मराठा लाइट इन्फन्ट्रीची नोंद मिळालीही. पण तारीख निघाली नोव्हेंबर १९४५, म्हणजे लढाई थांबल्यानंतरची, आणि स्मारक निघालं दिल्लीचं. नोंदीत वडिलांचं, बायकोचं, गावाचं नाव नाही.

वडिलांचे चुलतभाऊ ८९ वर्षांचे आहेत. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, “तो लढाईत कुठं गेला? दवाखान्यात गेला. कशाला उकरतेस?” ताईंचा कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, इंग्रजांच्या चाकरीचा दगड बसवायचाच कशाला? आजी १९९१ साली गेल्या. ताई जाता जाता लिहितात: “शेवटी शेवटी आजी म्हणायची, ते आले होते, दोन रात्री राहून गेले. पण तेव्हा ती माणसंसुद्धा ओळखत नव्हती.” आणि मग प्रश्न: “बाबांना सांगू की नको? सांगितलं तर या वयात त्यांचा आधार काढून घेतल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर खोटं दगडावर कोरलं जाईल, आणि ते खोटं आहे हे फक्त मला ठाऊक असेल.”

ताई,

सांगू की नको, हे तुम्ही विचारलंत. मी आधी विचारते: सांगणार काय? आज तुमच्या हातात काय आहे ते बघू. एका यादीतलं एक नाव, एक नंबर, एक तारीख. ते नाव तुमच्या आजोबांचं आहे हे अजून ठरलेलंच नाही. तुम्ही ते मनोमन ठरवून टाकलंत, कारण काकांच्या ‘दवाखान्यात गेला’शी ते जुळलं. दोन अर्धवट गोष्टी एकमेकींना जुळल्या की त्या खऱ्या वाटू लागतात. इतक्यात खऱ्या मानू नका.

सैन्याच्या कागदांत आपल्याकडच्या शिपायांचं नाव बहुतेक वेळा दोनच शब्दांत असायचं, नाव आणि आडनाव. मधलं वडिलांचं नाव गायब. त्या काळातली गावाकडची नावं आठवा: गणपत, तुकाराम, ज्ञानू, बाबू, रामा. आडनावं जाधव, शिंदे, पवार, कदम, मोरे. मराठा पलटणीत या जोड्या किती वेळा पडल्या असतील, विचार करा. तुमच्या आजोबांचं नाव मी इथे लिहीत नाही, पण ते याच प्रकारचं नाव आहे. शिवाय इंग्रजी स्पेलिंग लिहिणारा कारकून ऐकेल तसं लिहायचा. पवारचं पोवार, चव्हाणचं चौहान, जाधवच्या शेवटी कधी व्ही तर कधी ओ. तेव्हा पुन्हा त्याच संकेतस्थळावर जा आणि या वेळी उलट्या बाजूनं शोधा. पूर्ण नाव टाकू नका. नुसतं आडनाव, भारतीय सैन्य, दुसरं महायुद्ध, आणि रेजिमेंट एवढंच टाका. एकेक स्पेलिंग बदलून बघा. जादा माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा आजीचं नाव टाकून बघा, कारण बऱ्याच नोंदींत ‘अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक’ असं असतं. सापडेल ते सगळं वहीत उतरवा, सोयीचं असो वा गैरसोयीचं.

याच वेळी इटलीतल्या यादीही चाळा. आजोबा खरंच तिथल्या टेकडीवर गेले असतील तर त्यांचं नाव तिथे कुठेतरी असायला हवं. इटलीत ज्यांच्या देहाचा पत्ता लागला नाही त्यांची नावं कॅसिनोच्या स्मारकावर आहेत, चार हजारांहून जास्त. ज्यांना अग्नी दिला त्या हिंदी सैनिकांची स्मारकं वेगळी आहेत: सांग्रो नदीजवळ, फोर्लीला आणि रिमिनीला. सांग्रोच्या एकट्या स्मारकावर पाचशेच्या वर नावं आहेत. आपल्या घरांत ‘कबर सापडली नाही’ म्हणून हळहळतात. पण हिंदू शिपायाची कबर बहुधा नसतेच. दहन केलेल्याचं नाव स्मारकाच्या फलकावर असतं. कबर नाही म्हणजे कुणी विचारपूस केली नाही, असं समजू नका.

आता दिल्लीचं स्मारक. ते नाव वाचून तुम्ही दचकलात. दिल्ली आणि कराची इथे मिळून एक स्मारक आहे, त्यात अखंड हिंदुस्थानच्या २५ हजारांहून जास्त सैनिकांची नावं आहेत. आघाडीपासून दूर, प्रत्यक्ष लढाई नसलेल्या मुलखात जे वारले त्यांची ही नोंद. मृत्यूचं कारण त्यात दिलेलं नसतं. आजार, अपघात, जुनी जखम चिघळणं, यांतलं काहीही असू शकतं. आणि तारखेचं म्हणाल तर, कमिशन दुसऱ्या महायुद्धाचे मृत म्हणून ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत सेवेत वारलेल्यांना धरतं. नोव्हेंबर १९४५ला वारलेला शिपाई त्यांच्या लेखी महायुद्धाचाच मृत आहे, टेकडीवर पडलेल्याइतकाच. हा हिशोब माझा नाही, त्यांचा आहे. ‘लढाई संपल्यानंतरचा’ म्हणून त्याला खालच्या पायरीवर तुम्ही बसवलंत.

तिसरीही एक शक्यता आहे, आणि तुमच्या पत्रात ती कुठेच नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. मराठ्यांची पहिली पलटण इटलीत आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. १९४३च्या हिवाळ्यात सांग्रोपासून ती लढत वर सरकली आणि ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं. युरोपातली लढाई मे महिन्यात थांबली आणि त्याच वर्षी ही डिव्हिजन मायदेशी परतली. म्हणजे इटलीत वर्ष-दीड वर्ष काढलेला, जिवंत परत आलेला आणि मग नोव्हेंबरमध्ये आपल्याच देशातल्या एखाद्या लष्करी दवाखान्यात वारलेला शिपाई ही काही कल्पनेतली गोष्ट नाही.

म्हणूनच तुमच्या आजीचं ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते आले होते, दोन रात्री राहून गेले. ज्याला इटलीत १९४४ला मेलेला मानलं, तो घरी येऊन दोन रात्री राहील कसा? मग अर्थातच म्हातारीचा भ्रम. पण १९४५ची नोंद खरी असेल, तर १९४५च्या पावसाळ्यात सुट्टीवर आलेला नवरा तिला आठवत असेल, इतकंच. ती माणसं ओळखत नव्हती हे मान्य. त्या अवस्थेत आजचं विसरतं आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं लख्ख राहतं, हे ज्यांच्या घरात असं माणूस झालंय त्यांना सांगायला नको. मी हे पुरावा म्हणून मांडत नाही. भ्रमही असू शकतो. पण पत्रात तुम्ही काकांना तीन ओळी दिल्यात, मुलाला दोन, आणि त्या माणसाबरोबर संसार केलेल्या एकमेव साक्षीदाराला ‘जाता जाता’ घालवलंत.

आता जरा नाजूक बोलते. घरातल्या हकीकतीत मशिनगनवर चालून जाणं आहे, बंदूक उलटी धरून लढणं आहे, इटलीतली टेकडी आहे, १९४४ साल आहे. ही हुबेहूब नायक यशवंत घाडगे यांची कामगिरी आहे. रायगडच्या माणगाव तालुक्यातले, मराठ्यांच्या तिसऱ्या पलटणीतले. १० जुलै १९४४ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडल्यावर ते एकटे मशिनगनवर धावले. बॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं, आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळीनं गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ साली इटलीत मोंतोने इथे त्यांच्या नावानं छायाघड्याळाचं स्मारक उभारलं गेलं. त्या काळात मराठा पलटणीतला माणूस असलेल्या घरात ही गोष्ट पोचली नसेल असं होणं कठीण. ज्या घरात माणूस परत आला नाही आणि कसा गेला हे कुणी नीट सांगितलं नाही, तिथे अशी गोष्ट येऊन बसली तर त्यात लबाडी कुणाचीच नसते. कुणीतरी एका लहान मुलाला ‘तुझा बा कसा होता’ हे सांगत होतं आणि हाताशी हीच गोष्ट होती.

तर शोध कुठून घ्यायचा? पहिला कागद बहुधा तुमच्याच घरात आहे. आजीला पेन्शन मिळत होती असं तुम्ही लिहिता. मग पेन्शनचा हुकूम असणार, पीपीओ. त्यावर शिपायाचा नंबर, पलटण, मृत्यूची तारीख यांतलं काही ना काही असतंच. ट्रंक उघडा. नंबर सापडला की अर्धं काम झालं, पण तो नेहमी रेजिमेंटच्या नावासकट धरा, कारण नंबर रेजिमेंटनिहाय दिले जात आणि एकच नंबर दुसऱ्या पलटणीतही निघू शकतो. पेन्शनच्या कागदावरचा नंबर आणि दिल्लीच्या नोंदीतला नंबर एक निघाला, तर वाद मिटला. वेगळा निघाला, तर गेले काही आठवडे तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या आजोबांचं दुःख करत होता.

ट्रंकेत पदकं असतील तर ती घासूनपुसून चकचकीत करू नका. भारतीय सैनिकांच्या पदकांवर, चांदणीच्या आकाराची पदकं असतील तर त्यांच्या पाठीमागे, बरेचदा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं आणि पॉलिशनं ते झिजतं. ‘इटली स्टार’ असेल तर फितीवर इटलीच्या झेंड्याचे रंग दिसतील, लाल, पांढरा, हिरवा. तो ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात त्या आघाडीवर असलेल्यांना मिळाला. पदक नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण कित्येक घरांनी मागितलीच नाहीत. एखादं पत्र किंवा पाकीट सापडलं तर पाकीट टाकू नका. पत्रात सेन्सॉरमुळे गावाचं नाव नसेल, पण शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असतो आणि तो कोणत्या महिन्यात कुठे होता हे टपाल-इतिहासाच्या अभ्यासकांना काढता येतं.

आणखी एक प्रश्न आहे, तो बाबांनाच विचारा. आजी आजोबांचा म्हाळ कोणत्या तिथीला घालायची? शस्त्रानं गेलेल्यांचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला करायची रीत आहे, तिला घातचतुर्दशी म्हणतात. तिथीच ठाऊक नसेल तर सर्वपित्री. पण आजी यांतलं काहीच न करता मधलीच एखादी तिथी धरून पान वाढत असेल, तर तिला मृत्यूचा दिवस कुणीतरी कळवला होता आणि घाव लागून मृत्यू झाला असं ती मानत नव्हती, हे संभवतं. दिल्लीच्या नोंदीतली तारीख जुन्या पंचांगात बघा, कोणती तिथी येते ते. जुळली तर? हा काही कोर्टात टिकणारा पुरावा नाही. सोयीप्रमाणे सर्वपित्रीला उरकणारी घरंही खूप. पण कोणत्याही कचेरीत न मिळणारी ही साक्ष आहे, आणि ती द्यायला बाबा आज हजर आहेत.

मग तलाठ्याकडे. शेती आजोबांच्या नावावर असेल तर ते वारल्यावर वारस लावले गेले असणार आणि फेरफार नोंदवहीत ‘खातेदार अमुक रोजी मयत’ अशी ओळ असणार. शेती पणजोबांच्या नावावर असेल तर पणजोबांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद काढा. त्यात ‘मयत मुलगा’ म्हणून आजोबा आणि त्यांची वारस म्हणून आजी, अज्ञान मुलगा म्हणून बाबा असे येतील. पलटणींचा इतिहास शोधणारे लोक लंडनपर्यंत जातात आणि तहसील कचेरीचं अभिलेख कक्ष राहून जातं, हे मी फार वेळा पाहिलं आहे. अस्थी नाशिक-त्र्यंबकला नेल्या असतील तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराण्याची नोंद असते, तीही बघता येईल.

यानंतर बेळगाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर तिथे आहे आणि तिथल्या रेकॉर्ड ऑफिसला तुम्ही वारस म्हणून लिहू शकता. पत्र स्पीड पोस्टानं पाठवा. सोबत तुमचं ओळखपत्र, नातं दाखवणारा कागद, आजोबांच्या नावाची सगळी संभाव्य स्पेलिंगं, गाव, तालुका, जिल्हा, आजीचं नाव आणि असेल तो नंबर. ‘आजोबांविषयी सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका, त्याला उत्तर येत नाही. नेमकं मागा: शीट रोल किंवा लाँग रोल, म्हणजे शिपायाच्या नोकरीची नोंद, त्यातला उतारा, भरतीची तारीख, पलटण क्रमांक, सेवेतून नाव कमी झाल्याची तारीख आणि कारण. जुन्या फायली मुदतीनंतर नष्ट केल्या जातात, त्यामुळे ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर येऊ शकतं. ते आलं म्हणून आजोबा तिथे नव्हते असं नाही. उत्तरच आलं नाही तर पुढची पायरी माहिती अधिकाराचा अर्ज. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा, विधवांच्या जुन्या नोंदी तिथे असू शकतात.

लंडनचं शेवटी. क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या वॉर डायऱ्या, म्हणजे युद्धकाळातल्या रोजनिश्या आहेत. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेसाठी डब्ल्यूओ १६९, इटलीसाठी डब्ल्यूओ १७०, ब्रह्मदेशासाठी डब्ल्यूओ १७२ ही मालिका. पण आधीच सांगते, त्यात नावं अधिकाऱ्यांची असतात. शिपाई आकड्यांत येतात. पलटण त्या दिवशी कुठे होती, पाऊस किती होता, कोणता नाला ओलांडला हे कळेल, आजोबांचं नाव जवळजवळ नक्कीच मिळणार नाही. पलटण आणि महिना ठरल्याशिवाय तिथे पैसे घालू नका.

ज्या वाचकांचे आजोबा इटलीत नव्हते त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘मराठा पलटण’ ऐकलं की इटली गृहीत धरू नका. १९४१ला एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर मराठे होते. दुसरी पलटण जून १९४२मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा कैद झाली. चौथी पलटण मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांसमोर उभी राहिली. तेव्हा इंफाळ, रंगूनजवळचं ताउक्यान, अल अलामीन, केरेन इथल्या याद्याही चाळा. कैद झालेल्यांपैकी काही जण पुढे आझाद हिंदकडे वळले, आणि काही घरांमधलं मौन त्यापायीही असतं. आणखी एक घोटाळा: वेशीवर किंवा चावडीत ‘या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, इतक्यांनी प्राण दिले’ असा इंग्रजी-मराठी दगड असेल तर तो बहुतेक पहिल्या महायुद्धाचा, १९१४ ते १९१९चा असतो. त्यात आजोबा शोधू नका, पणजोबा शोधा.

आता तुमच्या मनात खरं जे सलतंय त्याकडे येते. ‘दवाखान्यात गेला.’ काकांनी ते ज्या सुरात म्हटलं तोच सूर तुम्ही उचललात. दवाखान्यात मरणारा शिपाई शिपाई नसतो का? ब्रह्मदेशच्या आघाडीवरचे ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी लिहून ठेवलं आहे की १९४३ साली ब्रह्मदेशच्या आघाडीवर जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका माणसामागे १२० माणसं आजारी पडून मागे जात होती. मलेरिया, हगवण, चावऱ्या किड्यांतून येणारा टायफस. लढाई ही बव्हंशी हीच असते. टेकडीवरचे पंधरा मिनिटं सांगायला सोपे असतात, तंबूतले तीन आठवडे कुणी सांगत नाही. तुमच्या बाबांच्या आधाराचं म्हणाल, तर तो आधार टेकडीवर उभा आहे असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. पत्रात बाबांविषयी जे आहे त्यावरून दिसतं ते एवढंच, की ज्याचं तोंडही आठवत नाही अशा बापाशी नातं सांगायला त्यांच्याकडे वर्षातला एक दिवस आणि एक गोष्ट आहे. बाप दोन रात्री घरी येऊन राहिला होता, कदाचित त्यानं पोराला कडेवर घेतलं होतं, ही शक्यता त्यांना टेकडीपेक्षा कमी वाटेल असं आपण त्यांच्या वतीनं कशाला ठरवायचं?

म्हणून तुमचा प्रश्न मी बदलून मागते. ‘बाबांना सांगू का’ याऐवजी ‘बाबांना विचारू का’. शोध पूर्ण करून, निकाल घेऊन त्यांच्यासमोर जाऊ नका. त्यांना सोबत घ्या. दगडासाठी तारीख हवी आहे, कागद बघायला हवेत, एवढं म्हणून ट्रंक त्यांच्यासमोर उघडा. म्हाळाचं विचारा, आजी पेन्शन आणायला कुठे जायची, कोणाबरोबर जायची ते विचारा. मुलांना वाटतं की म्हाताऱ्या माणसांना काही ठाऊक नाही. ८१ वर्षांत चुलतभावाच्या तोंडून, भाऊबंदकीच्या भांडणात, ‘तुझा बा कुठं लढाईत गेला’ हे वाक्य त्यांच्या कानावर एकदाही पडलं नसेल? त्यांना ठाऊक असेल आणि तरी ते शाळेत ती गोष्ट सांगत असतील, तर तो त्यांचा निर्णय आहे. आणि ते म्हणाले, ‘मला नको हे’, तर त्यांच्यापाशी थांबा. कागद जपून ठेवा, काढलेली माहिती तारखेसकट लिहून ठेवा, पण १५ ऑगस्टच्या व्यासपीठावर त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका.

मुलाशी वाद घालत बसू नका, त्यालाच कामाला लावा. त्याचा प्रश्न वाईट नाही. १९४३ ते १९४६ याच सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं आणि याच जिल्ह्यातून पोरं बेळगावला भरतीला जात होती. एकाच भावकीतला एक भूमिगत आणि दुसरा पलटणीत असं होऊ शकत होतं. आपले पणजोबा कोणत्या साली भरती झाले, त्या वर्षी पाऊस-पीक कसं होतं, घरात किती भाऊ होते, जमीन किती होती हे त्यानं शोधावं. मग चाकरी म्हणायचं की काय ते त्याचं तो ठरवील.

राहिला दगड. इथे मात्र मी ठाम आहे: ‘इटलीच्या रणांगणावर धारातीर्थी’ हे आज कोरू देऊ नका. त्यासाठी कुणाला काही समजावून सांगायची गरज नाही. सरपंचांना एक साधं पत्र द्या की बेळगावहून नोंद मागवली आहे, ती येईपर्यंत मजकूर असा ठेवावा: नाव, मराठा लाइट इन्फन्ट्री, ‘सैनिकी सेवेत असताना मृत्यू’. सरकारनं आजीला पेन्शन दिली त्याअर्थी एवढं तर पक्कं दिसतं. टेकडी असो की दवाखाना, १९४४ असो की १९४५, या ओळीतला एकही शब्द खोटा ठरत नाही. खाली तारखेपुरती जागा मोकळी सोडायला सांगा, कारागिराला नंतर चार अक्षरं वाढवता येतात. इतर नावांपुढेही हाच मजकूर ठेवावा असं सुचवलंत तर तुमच्या घरावर बोट येणार नाही, आणि बाकीच्या घरांच्या हकीकतीही कितपत तपासलेल्या असतील कोण जाणे.

या सगळ्यात घाई एकाच गोष्टीची आहे. बेळगावचं पत्र महिनाभर उशिरा गेलं तरी चालेल, फेरफार कुठे पळून जात नाही. काका मात्र ८९ वर्षांचे आहेत. १९४५ साली ते नऊ-दहा वर्षांचे होते, म्हणजे तेव्हाचं स्वतः पाहिलेलं सांगू शकणारं तुमच्या घरात आता दुसरं कुणीच नाही. फोनवर नको, जाऊन बसा. ‘दवाखान्यात गेला हे खरं का’ असं विचारलंत तर ते पुन्हा फटकारतील. तार कुणी आणली, ती कुणी वाचून दाखवली, त्या दिवशी घरात कोण कोण होतं, दवाखाना कुठला असं त्या वेळी म्हणत होते, आणि त्याच्या आधी माझे आजोबा गणवेशात घरी आलेले तुम्हाला आठवतात का, असं एकेक विचारा. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी मागा. जमलं तर बाबांनाही सोबत न्या.